पश्चिमाभिमुख

संस्कृत भाषेंत ‘आशा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला आपणां सर्वांच्या परिचयाचा; दुसरा ‘दिशा’. कोशकार हे दोन शब्द व्युत्पत्तीनें निराळे मानतात आणि तें योग्यच असेल. परंतु पस्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेतलेल्या माझ्यासारख्या मास्तराला त्या दोहोंनीं एकाच शब्दांत येऊन बसावें हा निव्वळ योगायोग वाटत नाहीं. माणसाचें तोंड कोणत्या दिशेस आहे यावरून त्याची आशा कोठें आहे हें पुष्कळदां कळतें. आमच्या कुलाबा जिल्ह्यांत (सन १९८१ पासून सरकारी कागदांत त्याचें नांव रायगड झालें आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडचा कुलाबा कांहीं जात नाहीं) शतकानुशतकें एक समाज असा नांदला, कीं जो प्रार्थनेस उभा राहिला म्हणजे पश्चिमेकडे तोंड करी. रेवदंड्यास त्यांचें ‘बेथ एल’ नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. अलिबागेस इस्रायल आळींत ‘मागेन अबोथ’ आहे. धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचें कपाट यरुशलेमच्या बाजूस, म्हणजे आमच्याकडे पश्चिमेस, असावें असा त्यांचा दंडक. त्या भिंतीपलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांपलीकडे समुद्र, आणि समुद्रापलीकडे फार दूर तें नगर. आम्हीहि सायंसंध्येला पश्चिमेकडेच तोंड करतों. पण आमची दृष्टि मावळत्या सूर्याशीं थांबे, त्यांची पलीकडे जात असे.

बेने इस्रायल लोकांची मूळकथा या किनाऱ्यावर कोणासहि ठाऊक आहे. अलिबागजवळ नवगांवच्या समुद्रांत एक गलबत फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या तरून किनाऱ्यास लागल्या. बुडालेल्यांचीं प्रेतें नवगांवास पुरलीं. त्या जागीं आज स्मारक आहे. हें केव्हां घडलें याविषयीं एकमत नाहीं. कोणी ख्रिस्तपूर्व १७५ सांगतात, कोणी त्यानंतर कित्येक शतकांनीं. गांवोगांव तेलाचे घाणे चालवून त्यांनीं उदरनिर्वाह केला, आणि सातवा दिवस विश्रांतीचा म्हणून शनिवारीं घाणा बंद ठेवीत, यामुळें त्यांस ‘शनिवार तेली’ असें नांव पडलें. पुस्तकें समुद्रांत गेलीं होतीं. मुखोद्गत अशी एक ‘शमा’ची प्रार्थना राहिली. पण शनिवार राहिला. वाचकांनीं क्षणभर विचार करून पाहावा: वेद गेले, पंचांग गेलें, पुरोहित गेले, आणि फक्त एकादशी तेवढी पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, तर तिच्या ठायीं केवढें बळ असलें पाहिजे!

आडनांवें त्यांनीं आमच्याच गांवांवरून घेतलीं. किहीमकर, आवासकर, झिराडकर, पेझारकर, पेणकर, रोहेकर, नवगांवकर, चेऊलकर, दिवेकर. सणांचीं नांवेंहि मराठी. वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’, त्यानंतर ‘खिरीचा सण’, कडक उपवासाचा ‘दारफाळणीचा सण’. पुरीम म्हणून जो उत्सव तो ‘होळीचा सण’, कारण तो आमच्या शिमग्याच्या आगेमागे येतो. नवस फेडावयाचा तर पोहे, खोबरें, साखर आणि फळें एकत्र करून ‘मलिदा’ करावयाचा आणि एलियाहू हनबी या प्रेषिताचें नांव घ्यावयाचें. अलिबागजवळच्या सागावच्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकोऱ्या उमटल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा.

या सर्वांत मला सर्वांत हृद्य वाटतो तो ‘बिरड्याचा रोजा’. यरुशलेमचें देवालय रोमन सैन्यानें सन ७० मध्यें उद्ध्वस्त केलें, त्या शोकाचा हा उपवास. (ख्रिस्तपूर्व आलेल्यांना ही वार्ता कशी कळली, ही शंका चाणाक्ष वाचकास येईलच, हे उपवास मागाहून आलेल्या धर्मोपदेशकांनीं रूढ केले असावेत असें अभ्यासक म्हणतात.) शोक त्या दूरच्या देवळाचा, आणि त्या उपवासाशीं निगडित झालें तें भोजन मात्र आमच्या मातींतल्या कडव्या वालांच्या बिरड्याचें! वाल भिजवावे, फडक्यांत बांधून मोड आणावे, एकेक सोलावा. हें काम बायकांनीं ओटीवर बसून बोलत बोलत करावयाचें. देऊळ कोणीं पाहिलें नव्हतें. कोणीं पाहिलेला मनुष्यहि कोणीं पाहिला नव्हता. पण दरवर्षीं पावसाळ्यांत वाल सोलतांना त्याची आठवण निघे. आशेचें असेंच असतें. ती स्वयंपाकघरांत टिकते.

ग्रंथांतली आशा पुष्कळ उशीरां आली, आणि तीहि मराठींतून. अठराव्या शतकांत कोचीनहून आलेल्या दावीद राहबी नांवाच्या धर्मज्ञानें झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतले तिघे निवडून त्यांस धर्मविधि शिकविले अशी परंपरा आहे. सन १७९६ मध्यें सामाजी हसाजी दिवेकर या लष्करी अंमलदारानें मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. ‘मशीद’ हें तेथील रेल्वेस्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. पुढें मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. जॉन विल्सन यांनीं सन १८३२ मध्यें हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत काढलें. मिशनऱ्यांचा हेतु धर्मांतराचा, घडलें विपरीत. हे लोक ख्रिस्ती झाले नाहींत, तर अधिक जाणते यहुदी झाले. सन १८८० च्या सुमारास अब्राहाम-मोशे यांच्या आख्यानांवर त्यांनीं मराठींत कीर्तनें रचलीं, टाळमृदंगासह. हायीम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८७५ सालीं मुंबईंत शाळा काढली आणि १८९७ मध्यें आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापून निघावयास १९३७ साल उजाडलें, आणि निघाला तो तेल अवीवहून. सन १९०५ मध्यें याच समाजांतील रिबेका रूबेन या मुंबई विश्वविद्यालयाच्या मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिल्या आल्या. ज्या परीक्षेंत मी कसाबसा तरलों तिची ही गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगितली.

आतां एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्याच १८९७ सालीं युरोपांत बाझल येथें यहुदी राष्ट्रवादी लोकांची पहिली परिषद भरली. मुंबईच्या बेने इस्रायलांस तिचें आमंत्रण होतें. त्यांनीं तें नाकारलें. स्वदेशीं परत जाणें हें ईश्वराच्या हातचें आहे, माणसांनीं सभा भरवून तें घडवावयाचें नव्हे, असा त्यांचा भाव होता. आणि पन्नास वर्षांनंतर, मे १९४८ मध्यें इस्रायलचें राज्य स्थापन होतांच, याच लोकांनीं घरें आवरावयास सुरवात केली! सन १९५१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत सर्व प्रकारचे मिळून सव्वीस हजारांवर यहुदी होते. दहा वर्षांनीं ते साडेअठरा हजार उरले, आणि १९७१ मध्यें सहा हजारांच्याहि आंत आले. कांहीं इंग्लंड, कॅनडा, आस्ट्रेलियासहि गेले. परंतु बहुतेकांची वाट इस्रायलची.

तें कां गेले?

आमच्या घरांत या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें होतें, आणि पुष्कळ वाचकांच्या घरींहि तेंच असेल. ‘त्यांना इथें कोणीं त्रास दिला नाहीं हो! जगाच्या पाठीवर यहुद्यांचा छळ झाला नाहीं असा हाच एक देश. तरी गेले.’ हें खरें आहे, आणि अभिमानानें सांगण्यासारखें आहे. पण या वाक्यांतल्या ‘तरी’ या अव्ययानें मला उतारवयांत पुष्कळ छळलें. छळ किंवा भूक यांवांचून माणूस देश सोडीत नाहीं असें आपण गृहीत धरतों. हैती नांवाच्या देशांतले लोक पाहा. सन २०१० च्या भूकंपानंतर ते ब्राझीलला गेले, चिलीला गेले, तेथलें काम आटलें तेव्हां डॅरिएनचें अरण्य पायीं तुडवून, मुलें खांद्यावर घेऊन उत्तरेस अमेरिकेच्या सीमेपर्यंत गेले. त्यांच्यापाठीं भूक होती, दंगे होते. त्यांस कोणी ‘कां’ म्हणून विचारीत नाहीं. आणि तरीहि मला वाटतें, त्या मुलाला खांद्यावर घेतलेल्या बापास जर कोणीं खोलांत शिरून विचारलें, तर तो नुसती भूक सांगणार नाहीं. मुलाची शाळा सांगेल, भावाचें आलेलें पत्र सांगेल, आपलें घर कसें असावें तें सांगेल. पाठीमागची भीति आणि पुढची इच्छा यांची वीण एकच असते. आमच्या शेजाऱ्यांपाठीं भीति थोडी होती, म्हणून त्यांची इच्छा अधिक स्पष्ट दिसावयास हवी होती. आम्हीं ती पाहिली नाहीं, कारण ती पाहतांना वाटेंत आम्हीच येत होतों.

माझा एक सोबती होता. त्याचें नांव सांगत नाहीं. रेवदंड्याच्या प्राथमिक शाळेंत आम्ही एका बाकावर बसत असूं. त्याच्या आजोबांचा घाणा बंद पडून काळ लोटला होता. वडील मुंबईस नोकरीस, शनिवारीं-रविवारीं येत. घरीं आई, आजी आणि पाठची बहीण. काका सन पंचावन्न-छप्पनच्या सुमारास इस्रायलांत गेलेला. तेथें नेगेवच्या वाळवंटांत डिमोना नांवाचें गांव नवीनच वसत होतें, तेथल्या कापडाच्या गिरणींत तो लागला होता. त्याचीं पत्रें मराठींत येत, आणि आजीला वाचतां येत नसे म्हणून पुष्कळदां मीच तीं मोठ्यानें वाचून दाखवीं, कारण माझें वाचन खणखणीत. पत्रांत काय असे? घराला नळ आहे. मोठीचें लग्न आपल्यांत जमलें. शनिवारीं सगळा गांव बंद असतो, गाडीसुद्धां धांवत नाहीं. हें शेवटचें वाक्य बहुतेक प्रत्येक पत्रांत येई, आणि तें मी वाचलें म्हणजे आजी तें पुन्हां वाचावयास सांगे. मला त्यांत कांहीं विशेष वाटत नसे. बंद गांवाचें काय एवढें कौतुक! तिच्या मुलानें मात्र उभ्या आयुष्यांत शनिवारची रजा साहेबाकडे मागून घेतली होती, आणि नाहीं मिळाली तर तो मुकाट्यानें कामावर गेला होता.

एकदां फोटो आला. काका, काकू, दोन मुली आणि मागें पेटीसारखें पांढरें घर. आजीनें तो डोळ्यांजवळ धरला, उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, “झाड कुठं आहे रे यांत?”

त्या घरच्या आशा वेगवेगळ्या होत्या, हें मला आतां कळतें. वडिलांस पगाराची व घराची. मुंबईंत ते एका खोलींत चौघांबरोबर राहत. आईची काळजी मुलीची. एकामागून एक घरें जाऊं लागलीं तशी या पट्ट्यांत लग्नास मुलगे उरेनात. पुढें धर्मविधीस दहा पुरुष जमणें कठीण झालें, आणि दहांवांचून त्यांची सामुदायिक प्रार्थना होत नाहीं. म्हणजे प्रत्येक जाणारें घर राहिलेल्यांचें राहणें अवघड करून जाई. माझ्या सोबत्यास विमानाची आशा. आणि आजीस? तिला जावयाचेंच नव्हतें. ‘देवानें न्यायचं तेव्हां नेईल, तो तिकीट मागणार नाहीं,’ असें ती म्हणे. बाझलचें आमंत्रण नाकारणाऱ्यांचाच तो सूर. पण एका शब्बाथच्या संध्याकाळीं दिवा लावतांना ती माझ्या आईला म्हणाली, “वहिनी, कुणाच्या दारीं पाहुणं म्हणून किती पिढ्या ऱ्हावं?” आईनें उत्तर दिलें नाहीं.

तें उत्तर कां दिलें नाहीं, हें लिहावयास हात जड होतो. आमच्या ओटीवर, दाराच्या उजव्या अंगास एक कोनाडा होता. त्यांत दोन कप व एक पितळी भांडें उपडें घातलेलें असे. तें त्यांच्यासाठीं आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठीं. आमचे अण्णा सुशील गृहस्थ. त्यांनीं कोणास अपशब्द बोललेला मीं ऐकला नाहीं; सोबत्याच्या वडिलांशीं ते तासन्‌तास मोशेच्या आणि मनूच्या आज्ञांची तुलना करीत. चहा दोघेही पीत. मग सोबत्याचे वडील कप आपल्या हातानें विसळून कोनाड्यांत पालथा ठेवीत आणि निरोप घेत. छळ? छी, छळ कसला! आमच्यांत फार घरोबा होता.

ते १९६९ च्या दिवाळीनंतर गेले. पहाटेची एस्. टी. रेवसपर्यंत, रेवसहून लाँच, भाऊच्या धक्क्यावर उतरून पुढें विमानतळ. आजी आल्या होत्या निरोप घ्यावयास; कडव्या वालांची एक पिशवी त्यांच्या काखेंत होती आणि ती त्यांनीं शेवटपर्यंत कोणाला धरूं दिली नाहीं.

तेथें त्यांस काय मिळालें हें इतिहासांत नमूद आहे. अगदीं आरंभीं गेलेल्यांस कष्टाचीं कामें, वाळवंटांतलीं वसतिस्थानें आणि रंगावरून टोमणे मिळाले. सन १९५१-५२ मध्यें बीरशेबा भागांतल्या कित्येकांनीं गाऱ्हाणीं मांडून तेल अवीवमध्यें ठाण मांडलें आणि आम्हांस परत पाठवा अशी मागणी केली. शंभरांहून अधिक लोक खरोखरच विमानानें मुंबईस परत आणले गेले. मौज अशी, कीं त्यांतील बहुतेकांनीं येथें आल्यावर पुन्हां तिकडेच जाण्याची खटपट केली व ते गेलेहि. जे दोन्ही ठिकाणीं रमत नाहींत त्यांस आपण चंचल म्हणतों. मला तसें म्हणवत नाहीं. याहून मोठा घाव पुढें बसला. १९६२ मध्यें तेथील मुख्य धर्मपीठानें फर्मान काढलें, कीं बेने इस्रायलांशीं विवाह लावण्यापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. हे शुद्ध यहुदी आहेत कीं नाहींत? दोन हजार वर्षें शनिवार पाळल्याचा दाखला त्यांनीं कोठून आणावा! दोन वर्षें भांडण चाललें; यरुशलेमच्या रस्त्यावर त्यांनीं धरणें धरलें; शेवटीं ऑगस्ट १९६४ मध्यें तेथील लोकसभेनें ते सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी आहेत असें ठरविलें, आणि धर्मपीठानें फर्मानांतलें त्यांचें नांव काढलें. माझ्या सोबत्याचें कुटुंब गेलें तें हें सर्व ठाऊक असून गेलें. काकाच्या पत्रांत तें आलें होतें.

आज तेथें हिंदी वंशाचे यहुदी ऐंशी हजारांच्या घरांत मानले जातात. डिमोना, अश्दोद, लोद, रामले या गांवीं मराठी ऐकूं येतें. ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकांत सुरू केलें; एक मेला ते महाराष्ट्र दिन करतात. इकडे २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तोंवर आमच्या किनाऱ्यावर त्यांचीं बोटांवर मोजण्याइतकीं घरें उरलीं होतीं.

सहा-सात वर्षांपूर्वीं माझा सोबती आला. डोकें पांढरें, चालणें जड, पण मराठी जशीच्या तशी, आमच्या चौथीच्या वर्गांतली. ‘मोबाईल’ला मराठींत काय म्हणतात तें तो मलाच विचारीत होता, जसें कांहीं मला ठाऊक असावें. आम्ही नवगांवास गेलों, सागावच्या खडकावर गेलों, अलिबागेच्या प्रार्थनामंदिरांत गेलों. मीं भीत भीत विचारलें, जें हवें होतें तें मिळालें का? तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “तिथं आम्हांला ‘होदी’ म्हणतात, हिंदुस्थानचे. इथं इस्रायल म्हणत होते. पण माझा मुलगा तिथल्या पलटणींत अधिकारी झाला, त्याला कोणी कांहींच म्हणत नाहीं. बाबांना तेंच हवं असावं.” आजीविषयीं विचारलें, तर दोन वर्षें जगली म्हणाला. डिमोनाहून यरुशलेम उत्तरेस. प्रार्थनेस सर्व जण उत्तरेकडे तोंड करीत, आणि आजी संवयीनें पश्चिमेकडे वळून बसे. कोणीं वळवून बसवलें तर बसे, आणि थोड्या वेळानें पुन्हां वळे. त्या बाजूला नुसतें वाळवंट होतें.

त्यानें माझ्या मुलाची चौकशी केली. तो अमेरिकेंत बारा वर्षें आहे, आणि दर पंधरवड्यास आम्हां उभयतांना तिकडे येण्याचा आग्रह करतो, हें मीं सांगितलें. त्याला येथें काय कमी होतें, असें सोबत्यानें विचारलें नाहीं. तें ऐकावें म्हणून मी थांबलों होतों, कारण गांवांत सगळे तेंच विचारतात.

घरीं आलों तेव्हां दुपार झाली होती. ओटीवर चढतांना तो दारापाशीं थबकला आणि उजव्या अंगाकडे पाहूं लागला. तेथें आतां विजेचा मीटर आहे.

“कोनाडा यांतच होता ना?” तो म्हणाला.

“होता,” मीं म्हटलें.

त्यानें मीटरच्या पेटीवर एकदां बोटानें टिचकी मारली, चपला काढल्या आणि आंत येऊन झोपाळ्यावर बसला. हिनें चहा आणला. घरांत आतां सगळे कप सारखेच आहेत. कोणता कोणाचा तें आम्हांलाहि सांगतां येत नाहीं. चहा संपल्यावर तो संवयीनें उठला, कप घेऊन मोरीकडे निघाला, आणि हिनें तो त्याच्या हातांतून काढून घेतला.